बाटलीत निघेल तेवढा पाऊस

पाऊस मोजण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटली नाही. जावई सरकारी नोकरीत आहे एवढं ते चारचौघांत अभिमानानं सांगत. पुढे कोणी विचारलं की कोणत्या कामावर, तर विषय बदलत. एकदा मला एकटं गाठून म्हणाले, "पाऊस आला का नाही, हे तं बैलालेबी समजते. त्याच्यासाठी मानूस ठेवते सरकार?" मी म्हणालो, आला हे बैलाला समजतं, पण किती आला हे समजत नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "बैलाले तेबी समजते."

माझं खातं कोणतं ते सांगत नाही. पाण्याशी संबंध होता एवढं पुरे. सत्तरच्या दशकात माझ्याकडे वाशीम, मंगरूळपीर या बाजूच्या अकरा पर्जन्यमापकांची देखरेख होती. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चाले. प्रत्येक यंत्रापाशी गावातलाच एक वाचक नेमलेला असे. कुठे मास्तर, कुठे चौकीदार. तो रोज सकाळी साडेआठला आकडा घेऊन वहीत लिहायचा. मी महिन्यातून एकदा एस.टी.नं नाही तर सायकलनं जाऊन यंत्र आणि वही दोन्ही तपासायचो. हुद्द्यानं मी साधा कारकून, पण गावोगावी मला 'पावसाचे साहेब' म्हणत. पाऊस चांगला झाला की चहा मिळे. नाही झाला की लोक अशा नजरेनं बघत, जणू मी तो ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवला आहे.

यंत्र म्हटलं की लोकांना काहीतरी फिरणारं, वाजणारं हवं असतं. पर्जन्यमापकात काहीही फिरत नाही. फूटभर उंचीचं एक नळकांडं, अर्धं ओट्यात गाडलेलं. वर पितळेची कडी लावलेलं तांब्याचं नरसाळं, पाच इंच तोंडाचं. नरसाळ्याखाली एक बाटली. पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरतो, आणि सकाळी ती बाटली एका उभट काचेच्या ग्लासात रिकामी करायची. सगळी अक्कल त्या ग्लासात आहे. नरसाळ्याचं तोंड मोठं, ग्लास अरुंद. ग्लासापेक्षा तोंडाचं क्षेत्रफळ दहापट असलं, तर जमिनीवर पडलेला एक मिलीमीटर पाऊस ग्लासात सेंटीमीटरभर उंच चढतो. जे डोळ्यांना दिसलं नसतं ते दहापट मोठं होऊन दिसतं, ते भिंगाशिवाय. म्हणून ज्या नरसाळ्याचा ग्लास त्यालाच लागतो. पाच इंची यंत्राला आठ इंचीचा ग्लास दिला की गावाचा हिशोबच बदलून जातो.

ही कल्पना किती जुनी आहे हे मला नोकरीत शिरल्यावर कळलं. आपल्याकडे हजार-दोन हजार वर्षांपूर्वी हातभर तोंडाचं भांडं उघड्यावर ठेवून पाऊस मोजत, आणि पाऊस द्रोण, आढक अशा धान्याच्याच मापांत सांगत. कोरिया देशात पाचशे वर्षांपूर्वी एका राजानं गावोगावी लोखंडी नळकांडी बसवली होती, त्यात पट्टी बुडवून खोली बघत. त्या राजाच्या गावोगावच्या नळकांड्यांवर देखरेख करणारा कारकून कोण असेल, हा विचार माझ्या मनात बरेचदा यायचा. त्यालाही एस.टी. चुकण्यासारखं काहीतरी असेलच. पुढे इंग्रजांनी नरसाळं आणि बाटली आणली, पाणी वाफ होऊन उडू नये म्हणून. त्यांचं माप इंचाचं. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. आमच्या काळात सरकारी मिलीमीटर सुरू झाले होते, पण शेतकरी मला सत्याहत्तरपर्यंत "किती सेंट झाला जी?" असंच विचारत. मी मनात गुणाकार करून सेंटमध्ये उत्तर द्यायचो. त्यांची वही त्यांच्या डोक्यात होती, ती मी कशाला बदलू.

यंत्र साधं असलं की त्याच्या भानगडीही साध्या असतात. कामरगावच्या यंत्राचं नरसाळं एकदा नाहीसं झालं. वाचकानं आठवडाभर नुसत्या बाटलीवर काम भागवलं. मला वाटलं चोरी झाली, तांब्याच्या भावानं कुणी विकलं. शोधता शोधता ते सापडलं बाजारातल्या एका दुकानात, रॉकेलच्या पिंपाशेजारी. दुकानदार अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, "साहेब, एवढी सरळ धार दुसऱ्या कोन्या चाडीनं पडत नाही. तुमच्याकडं तं पाऊसच नाही, रिकामंच पडलं होतं." नरसाळं परत बसवल्यावर महिनाभर त्या गावच्या पावसावर तेलाचा तवंग येत होता.

पोहरादेवीच्या यात्रेत वेगळंच. चैत्रातलं कडक ऊन, आणि वहीत तीन मिलीमीटर पाऊस. वाचक शपथेवर सांगत होता की बाटलीत पाणी होतं. जाऊन पाहिलं तर यात्रेकरूंनी यंत्राच्या तारेच्या कुंपणावर ओली लुगडी वाळत घातली होती, आणि एका लुगड्याचा पदर नेमका नरसाळ्यावर टपकत होता. अशा वेळी नोंदीवर लाल शाईची आडवी रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं आणि सही करायची. खाडाखोड करायची नाही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

वह्या तपासता तपासता माझे डोळे तयार झाले होते. खोटी वही मला दोन मिनिटांत कळायची. एका मास्तरांचा पाऊस नेहमी पाच, दहा, पंधरा असा पडायचा. खरा पाऊस असं करत नाही. खऱ्या वहीत शेवटचा आकडा कसाही येतो: ६.३, ११.८, ०.४. माणूस अंथरुणात पडून आकडे लिहायला लागला की त्याचा हात शून्यावर आणि पाचावर जातो. मी त्या मास्तरांना एवढंच म्हणालो, "गुरुजी, तुमच्या गावचा पाऊस फार शिस्तीचा आहे." दुसऱ्या महिन्यापासून त्यांचा पाऊस बेशिस्त झाला. या कसबाचा मला अभिमान होता. जरा जास्तच होता, हे आता सांगतो.

किन्हीराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. नाव देत नाही, तिथे माझं अजून जाणं-येणं आहे. गावाबाहेर आमच्या खात्याची चौकी होती, आणि चौकीदार होता संपत. तिशीचा, सातवी शिकलेला, अंगानं किरकोळ. त्याचं कुटुंब छप्पन साली बौद्ध झालेलं. घरात पगार आणणारा तो पहिला. चौकीच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखालच्या खिळ्याला पर्जन्यमापकाची वही दोरीनं टांगलेली. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण प्रत्येक आकडा सुटा आणि स्वच्छ.

त्याला कामावर घेतलं तेव्हा मीच शिकवलं. ग्लास सपाट जागी ठेवायचा, डोळा पाण्याच्या पातळीवर आणायचा, पाण्याची कड काचेला चढलेली दिसते ती धरायची नाही, मधला खोलगा धरायचा. आणि शेवटी जे सगळ्यांना सांगायचो ते त्यालाही सांगितलं: "बाटलीत निघेल तेवढं लिहायचं. आपल्या मनानं कमी नाही, जास्त नाही. का निघालं, कसं निघालं, हा विचार तुझा नाही." त्यानं ते पाठ केल्यासारखं परत म्हणून दाखवलं. अकरा वाचकांत एवढा चोख माणूस दुसरा नव्हता.

मग बहात्तर साल आलं. त्या सालाबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. माझं काम हलकं झालं, कारण दहा गावच्या वह्यांत ओळीनं शून्यं होती. फक्त संपतच्या वहीत मधूनच पाऊस दिसे. अठरा पूर्णांक सहा. वीस पूर्णांक एक. एकोणीस पूर्णांक चार. आसपास कुठे नाही आणि त्या एका गावात. यात अशक्य काही नाही. आपल्याकडचा पाऊस एका शिवारात पडतो आणि बांधाच्या पलीकडे धूळ उडते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुष्काळी कामं काढायची वेळ आली तेव्हा तहसीलमध्ये गावांच्या याद्या होऊ लागल्या. तलाठ्याची पिकांची आणेवारी एका बाजूला आणि आमचा पाऊस दुसऱ्या बाजूला, दोन्ही जुळले की गाव यादीत. संपतच्या गावाचं जुळेना. तलाठी म्हणे पीक बुडालं, आमची वही म्हणे पाऊस बरा झाला. तिथला एक कारकून मला विचारायला आला, तुमचे आकडे खरे धरायचे का?

मी म्हणालो, जाऊन बघतो. गुरुवारी गेलो. यंत्र तपासलं. कडी सपाट, बाटलीला गळती नाही, ग्लास त्याच यंत्राचा, कुंपणाची खुंटी शाबूत. वही चाळली. शेवटचे आकडे जसे असायला पाहिजेत तसे, कसेही. ही वही अंथरुणात लिहिलेली नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. चौकीच्या भेटवहीत शेरा लिहिला: 'यंत्र निर्दोष. नोंदी पूर्ण विश्वासार्ह.' खाली सही केली.

संपत ग्लास पुसत उभा होता. म्हणाला, "साहेब, एक बोलायचं होतं."

एस.टी.चा हॉर्न फाट्यावरून ऐकू आला. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बोलू." आणि पळालो. वाशीमला आल्यावर त्या कारकुनाला तोंडीच सांगितलं की मी स्वतः पाहून आलोय, त्या वहीवर डोळे झाकून विश्वास ठेवा. त्यानं ठेवला. गाव यादीतून गळलं.

तीन आठवड्यांनी त्या गावची दहा-बारा माणसं आमच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसली. बोलायला पुढे झाली ती शेवंताबाई नावाची एक मजूर बाई, पन्नाशीची. तिनं आवाज चढवला नाही.

"साहेब, तुमच्या कागदात आमच्या गावात पाऊस झाला म्हंतेत."

"नोंद तशी आहे, बाई."

"मंग तो पडला कोनाच्या वावरात, ते सांगा. आमी तिथं कामाले जातो."

ती पुढे म्हणाली, "बाजूच्या गावात गिट्टीचं काम निंघालं, लेकरायले खायले सुकडी भेटून राह्यली. आमाले थे म्हंतेत, तुमचं गाव यादीत नाही. माह्या दोन्ही सुना अकोल्याले गेल्या मजुरीले, पोरं माह्याजवळ टाकून. अन् आमच्या गावातला संपत रोज पाऊस लिवते. त्याले गावात कोनी बोलत नाही आता. बौद्धपुऱ्यातबी नाही बोलत."

ती माणसं गेल्यावर मी संपतकडून आलेले महिन्याचे तक्ते काढून बसलो. आकड्यांकडे कितीही पाहिलं तरी ते खरेच दिसत होते. मग कंटाळून, दुसरं काही सुचेना म्हणून, भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि एकेक तारीख त्याच्याशी ताडून बघायला लागलो. आमच्या तक्त्यात तारीख असते, वार नसतो. वाराची कधी गरजच पडली नव्हती. पावसाची पहिली तारीख सोमवार निघाली. दुसरी सोमवार. पाचव्या सोमवारानंतर मी पुढे बघायचं थांबलो.

पुढच्या सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं त्या गावी उतरलो. चौकीकडे न जाता रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली उभा राहिलो. साडेसातच्या सुमारास गावाकडून एक म्हातारी येताना दिसली. पांढरं लुगडं, अनवाणी, हातात तांब्याचा लहान कलश. चौकीच्या पलीकडे ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ होतं, तिथून ती परत येत होती. तिनं कुंपणाची खुंटी काढली, आत गेली, नळकांड्यापुढे उकिडवी बसली, आणि कलशात उरलेलं पाणी सावकाश नरसाळ्यात सोडलं. वर बेलाचं पान ठेवलं. हात जोडले. बाहेर येऊन खुंटी परत लावली, कोणाच्या गुरानं आत जाऊ नये म्हणून.

मी पुढे झालो. ती घाबरली नाही. तिला सगळे काशीमाय म्हणत. गावच्या पाटलाची आई.

"माय, यात पाणी कशाला घातलं?"

"महादेवाले घातलं, तसंच याले. जोडीचा हाये ना हा."

"हा महादेव नव्हे, माय. हे सरकारी यंत्र आहे."

"सरकारी हाये म्हनूनच तं," ती म्हणाली, एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं. "रोज सकायी आंघोय करून मानूस येते, याच्यापुढं वाकते, पानी काढते, अन् लिवून वर धाडते. वर पानी दिसलंच नाही तं वरचा पाऊस धाडन कायले? रोज मले होत नाही. म्या सोमवार धरले."

मी चाळीस वर्षं यंत्राबद्दल लोकांना समजावलं. एवढं सुसंगत ऐकलं नाही. ओटा, गोल पितळी तोंड, कुंपण, रोजची ठरलेली वेळ, वाकणारा माणूस. तिनं जे पाहिलं होतं ते सगळं बरोबर होतं.

साडेआठ वाजले. संपत चौकीतून बाहेर आला, मला पाहून थबकला, पण वेळ झाली होती म्हणून आधी यंत्राकडे गेला. बेलपान बाजूला काढून ओट्यावर ठेवलं. बाटली काढली, ग्लासात ओतली, खाली वाकून डोळा पातळीवर आणला. मी शिकवलं होतं तसंच सगळं. मग वही उघडून माझ्याकडे बघत म्हणाला, "एकोनीस पूर्नांक दोन हाये. लिवू का साहेब?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"मग लिहिलं काहून?" रागाच्या भरात माझ्याच तोंडून त्याची बोली निघाली.

"तुमीच सांगतलं होतं. बाटलीत निंघन तेवढं लिवायचं. काहून निंघालं, हा इचार तुहा नाही."

"तिला अडवायचं तरी."

काशीमाय दहा पावलांवर उभी होती. संपतनं आवाज खाली आणला. "मी अडवू? पाटलीनमायले? देवाच्या कामात? साहेब, उद्या गावभर झालं असतं, हे बुद्ध झाले म्हनून आता आमच्या देवालेबी पानी घालू देत नाहीत. मले इथंच राहाचं हाये. मी तुमाले सांगनार होतो. त्या गुरुवारी बोललो होतो."

बोलला होता, हे खरंच होतं.

मग मी काशीमायला सगळं सांगितलं. नरसाळं, ग्लास, तहसीलची यादी, बाजूच्या गावचं काम. तिला ग्लासाचं कळलं की नाही माहीत नाही, यादीचं मात्र लगेच कळलं. ती ओट्याच्या कडेवर बसली.

"मंग माह्या पान्यानं गावाचं काम अडलं म्हंता?"

"तसं झालं खरं."

ती कलशाच्या गळ्यावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "शेवंताच्या सुना अकोल्याले गेल्या. म्याच तिले म्हनलं होतं, काई दिवस दम धर, पाऊस येते." आणि थोड्या वेळानं, "लिवा माहं नाव. अंगठा देतो मी."

पण नाव लिहिणं झालं नाही. तिचा मुलगा, गावचा पाटील, तासाभरात आला. तो भांडला नाही. मला घरी नेऊन चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, काम तं निंघालंच पाह्यजे, मीबी तहसीलले चार खेपा घातल्या. पन आईचं नाव सरकारी कागदावर येनार नाही. बाकी काय लिवायचं ते तुमी लिवा." ती आतल्या दारात उभी होती. मुलासमोर तिनं अंगठ्याचं नाव काढलं नाही.

बाकी काय लिहायचं, हाच प्रश्न होता. सगळ्या सोमवारांवर लाल रेघ मारायला कारण हवं. 'अज्ञात व्यक्तीनं पाणी टाकलं' असं कारण लिहून मी माझ्या सहीनं दुरुस्तीचा कागद वर पाठवला. नोंदी रद्द होणार म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा पाऊस पुसला जाणार. तेवढ्यानं कोणाचं समाधान होईना. चौकशी लागली. अकोल्याहून एक साहेब आले. चौकीतच बसले. जबाब लिहून घ्यायला कारकून लागतो, तो मीच.

साहेब विचारत होते, संपत उभा राहून उत्तरं देत होता, मी लिहीत होतो. पाणी टाकताना तू पाहिलंस? पाह्यलं. कोण होतं? एक बुढी बाई, नाव सांगत नाही. अडवलं का नाही? चूक झाली. वर का कळवलं नाही? चूक झाली.

मग साहेबांनी विचारलं, "या काळात इथे तपासणीला कोण आलं होतं?"

माझा हात थांबला. वाटलं, आता आपण मान वर करून बोललं पाहिजे. मी मान वर केली नाही.

"कोनी नाही, साहेब," संपत म्हणाला.

"भेटवही कुठे आहे?"

"वायवी लागली. जायली म्या."

भेटवही पत्र्याच्या पेटीत असायची. तिला वाळवी लागणं शक्य नव्हतं. तिच्यात माझा शेरा होता, माझ्या सहीचा. आणि मी अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली: 'सदर काळात तपासणीस कोणी आले नाही. भेटवही वाळवी लागल्याने जाळली.' खाली संपतची सही घेतली. माझं अक्षर त्या जबाबात नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

नोंदी रद्द झाल्या. आठवड्याभरात गाव यादीत आलं. संपतला निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी केलं. मला काही झालं नाही. पुढच्या वर्षी वेतनवाढही वेळेवर मिळाली. शेवंताबाईच्या सुना परत आल्या. गावापासून मैलभर अंतरावर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथे पाचशेवर माणसं लागली.

महिन्याभरानं मी तिथे गेलो. माझं काही काम नव्हतं. बांधावर माणसांची लांब रांग होती, टोपल्या हातोहात पुढे जात होत्या. संपत त्या रांगेत होता, मधोमध, डोक्याला फडकं बांधलेलं. पुढे शेवंताबाई, मागे कोणीतरी पोरगी. त्याच्याशी आता सगळे बोलत होते. मला पाहून तो रांग सोडून बाजूला आला.

मी मनात बरीच वाक्यं जुळवून आलो होतो. त्यातलं एकच निघालं. "संपत, तू मला वाचवलंस. तसं करायची गरज नव्हती."

त्यानं फडक्यानं तोंड पुसलं. मला वाटलं तो लाजला. पण तो माझ्याकडे जरा नवलानं बघत होता.

"तुमच्यासाठी नाही केलं जी," तो म्हणाला. "ते दुरुस्तीचं कागद तुमच्या सहीचं होतं ना. तुमीच आधी वही खरी हाये म्हनून लिवलं, हे सायबाले समजलं असतं, तं तुमची दुसरी सही कोनं मानली असती? मंग काम निंघालं असतं का?"

मागून मुकादमानं हाक मारली. रांगेत त्याच्या जागी फट पडली होती आणि टोपली तिथे अडली होती. तो गेला, टोपली घेतली आणि पुढे दिली. मी जरा वेळ तिथे उभा राहिलो. मग माझ्या गाडीची वेळ झाली.